धामणगावचा दहावा चौकोन

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. माझा अनुभव पिंपळाखालचा नाही की विहिरीकाठचा नाही... एक्सेलमधला आहे. तोही भर सकाळी, पोहे खाताना.

मी वडनेर भोलजीची. शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून जन्म गेला, आता नातवंडं सांभाळते — म्हणजे तीच मला सांभाळतात. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. विहारातल्या महिला मंडळात अंधश्रद्धेवर बोलायचं तर माईक माझ्याच हातात असायचा, आणि तो काढून घ्यायला दोघी लागायच्या.

गोष्ट तेरा-चौदा वर्षांपूर्वीची. तेव्हाची मी म्हणजे पन्नाशीतली एक फुगलेली बाई. ऑफिसात मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून आपोआप काम करून घेणारा कोड, लिहिता येणारी मी एकटीच, त्यामुळं पाय जमिनीला लागत नव्हते. मुलाचं, मिलिंदचं लग्न ठरलं. लोक पत्रिकांची यादी वहीत करतात. मी फॉर्म बनवला! गाव निवडायचं, की त्या गावातली जितकी घरं यादीत असतील तितके टिक करायचे चौकोन फॉर्मवर उभे राहणार. पत्रिका पोचली की टिक.

एक सांगते, ते लक्षात ठेवा. हे चौकोन मी आधी काढून ठेवलेले नव्हते. फॉर्म उघडला की कोड यादी वाचायचा, एका ओळीसाठी एक चौकोन जागच्या जागी तयार करायचा, नावाखाली नाव लावायचा. फॉर्म बंद केला की सगळे खलास. ज्याची ओळ नाही, त्याचा चौकोन नाही.

धामणगाव बढ्याची घरं दहा होती. त्यातलं एक मी उडवलं — माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं, कमलताईचं. कारण ऐका. तिच्या पोराच्या लग्नपत्रिकेत ‘आपले नम्र’खाली सतरा नावं होती, अगदी चुलत मावसभावाचंसुद्धा. आमच्या ह्यांचंच नव्हतं. ताई म्हणाली, छापणाऱ्याकडून राहिलं. मी म्हटलं, नेमकं आमचंच? तीन वर्षं बोलणं बंद. आई गेल्यावर माझ्या वेण्या घालून मला शाळेत ढकलणारी हीच ताई... पण मानपानापुढं वेण्या कोणाला आठवतात! राइट क्लिक, डिलीट, अख्खी ओळ गायब. काय गार वाटलं म्हणून सांगू.

हे म्हणाले, “अवं, बिनपत्रिकेची ती उंबरठ्यावरबी नाही येनार. अन् या लग्नाले नाही आली, तं तुमचं दोघीचं कायमचं तुटलं समज.”

“तुटू द्या,” मी म्हटलं. काय तो रुबाब!

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांची बशी घेऊन फॉर्म उघडला. धामणगाव निवडलं. नावं नऊ. चौकोन... दहा. तायडे आणि इंगळे यांच्या मध्ये एक चौकोन, पुढं नाव नाही. ताईची ओळ जिथं होती, बरोब्बर तिथं.

माझा पहिला संशय घरातल्याच माणसावर.

“तुम्ही माझ्या लॅपटॉपले हात लावला?”

“मी? मले तं तो कोनत्या बाजूनं उघडते हेच समजत नाही.” पण बोलताना हसले. ते हसू मी मनात नोंदवून ठेवलं.

मग पुण्याला फोन. “मिल्या, माह्या कोडमधी काय घुसवलं बे?”

“आई, तू पहिल्याच ओळीत ‘कोणीही हात लावू नये, समजून येईल’ असं लिहून ठेवलं आहेस. माझी काय हिंमत?”

पासवर्ड बदलला. लॅपटॉप लोखंडी कपाटात, किल्ली कमरेला. दुसऱ्या दिवशी उघडलं तर नांदुऱ्याची घरं बरोबर, संग्रामपूरची बरोबर, आणि धामणगावात तो बसलेला. टिक करायला गेले तर होईना. मग कोड एकेक ओळ चालवत पाहिला. चौकोन काढणारा फेरा, म्हणजे लूप, नऊ वेळा फिरला, दहाव्यांदा नाही. शेवटी कोडलाच विचारलं, फॉर्मवर चौकोन किती? उत्तर आलं — नऊ. ह्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून, बोट ठेवून मोजले.

“दहा. अन् हा मधला ताईचा हाये.”

“काहीबाही बोलू नका!” मी ओरडले. पण मीही बोट ठेवून दोनदा मोजले, हे आता कबूल करते.

लग्नाला आठ दिवस उरले होते. आता या हुशार बाईची अक्कल पाहा — माझा संशय गेला ताईवर! सातवी शिकलेली माझी बहीण धामणगावात बसून माझा मॅक्रो बिघडवते म्हणे. जाब विचारायचाच, म्हणून दोन एसट्या बदलून निघाले. पर्समध्ये एक पत्रिका टाकली, पाकिटावर नाव न घालता. का टाकली, विचारू नका.

ताई ओसरीवर तूर निवडत होती. मान वर केली नाही.

“आली का?”

“इकडून जात होती, म्हटलं—”

“धामणगावाहून पुढं कुठं जाऊन राह्यली होती वं?”

मी नजर घरात वळवली. आत खुंटीला इस्त्रीची साडी आणि खाली भरलेली पिशवी. माझं तोंडच उघडं राहिलं. “पत्रिका नसताना पिशवी भरली?”

“तू माहं नाव काढशील हे मले मालूम होतं. तुह्या रागाले मीच तेल लावून वाढवलं.” मग सुपातले दोन खडे बाजूला टाकत म्हणाली, “नाव काढलं असशील. पन तायड्याच्या अन् इंगळ्याच्या मधी जागा तं ठेवली असशील ना?”

मी पत्रिका काढली. तिनं कोरं पाकीट उलटसुलट पाहिलं. “पेन आहे का? घाल नाव.”

घातलं. अक्षर काय आलं ते विचारू नका, समोरचं दिसत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, ह्यांनी कळवलं असेल. मीही तेच म्हटलं. ताईकडं तेव्हा फोन नव्हता. तरी घरी येऊन ह्यांचा मोबाइल तपासला — मंडपवाला, स्वयंपाकी, दुसरं कोणी नाही. आणि तायडे, ताई, इंगळे ही घरं गल्लीतही ओळीनंच आहेत, म्हणून ती सहज बोलली असेल. असेल! पण चौकोन? ताईची ओळ परत लिहिली, फॉर्म उघडला. नावं दहा, चौकोन दहा. बिननावाचा पुन्हा कधी आला नाही. मिलिंदचे मित्र म्हणतात, स्क्रीन नीट रिफ्रेश झाली नसेल. सलग दोन दिवस, त्याच जागी? त्यावर ते चहा मागतात.

ताई लग्नाला आली, माझ्याआधी हॉलवर पोचली आणि माझी वेणी सगळ्यांदेखत सोडून पुन्हा घातली.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता पुतणीच्या लग्नाची यादी करायची म्हणून परवा तीच फाईल उघडली. मिलिंद म्हणाला, “आई, मावशीची ओळ काढून बघ ना. एकदाचा सोक्षमोक्ष होईल.”

राइट क्लिक केलं. डिलीटवर बोटही नेलं. चौकोन आला तर मी घाबरेन, हे खरंच. पण नाही आला तर...?

फाईल बंद केली. ओळ तशीच आहे.