बिनघरांचे रस्ते

बरकतपुऱ्याचे एकनाथराव विलायतेला कधी गेले नाहीत, पण तिथला कुठला रस्ता कुठल्या ओढ्याशी वळतो हे त्यांना पाठ होतं. सर्व्हेच्या कचेरीत तीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस. पत्नी इंदुमती गेल्या आणि पुढच्याच वर्षी, शहाण्णव साली, एकुलत्या परागला एका कॉम्प्युटर कंपनीने इंग्लंडला उचललं. घरात उरले एकनाथराव, त्यांची जुनी सायकल आणि रविवारी वाजणारा टेलिफोन.

परागने तिथे सायकल घेतली. "बाबा, मोठ्या रस्त्यावर गाड्या अंगावर येतात. परेशान झालो. एखादा शांत रस्ता शोधून द्या ना," म्हणाला आणि नकाशे पोस्टाने धाडले.

झालं! म्हातारा भिंग घेऊन जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसला. तांबडे, म्हणजे मोठे, रस्ते बाद. बारीक पिवळ्या रेघांतही ज्याच्या कडेला घरांचे काळे ठिपके कमी, तो रस्ता उत्तम. एकही ठिपका नसलेली बारा मैलांची रेघ सापडली त्या दिवशी गडी स्वतःशीच हसला. ट्रेसिंग पेपरवर रस्ता उतरवायचा, 'इथे चढ आहे, दम घे' असं लिहायचं आणि पोस्टात टाकायचं, असा दर महिन्याचा नेम झाला.

पोस्टाच्या वाटेवर जुन्या ओळखीच्या नामदेवरावांचं घर. "या की हो, चाय घ्या," ते ओट्यावरून हाक मारायचे.

"नक्को, उशीर होतो." कशाला उशीर होत होता, देव जाणे.

दोन वर्षं अशी गेली. मग एका रविवारी परागचा आवाज पडलेला.

"नवा रस्ता झाला का रे?"

"अर्ध्यातून परत फिरलो, बाबा. ऑफिसात कुणी धड बोलत नाही, घरी कुणी नाही. आणि तुमच्या रस्त्यावर दीड तासात मेंढ्यांशिवाय काही दिसत नाही. काल सायकल थांबवून रडलो. मध्ये एखादं गाव टाका ना."

"हौ, टाकतो," एकनाथराव म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची फार लाज वाटली. इंदुमती असत्या तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तिथे माणसं आहेत का हो? त्यांची इतकी आठवण वर्षभरात आली नव्हती.

त्यांनी पुन्हा भिंग घेतलं, या वेळी ठिपके शोधायला. बारा मैलांचे एकोणीस झाले, पण वाटेत सात गावं आली. खानावळीची खूण दिसली तिथे लिहिलं, 'इथे थांब. कुणाशी तरी बोल.'

सकाळी पाकीट घेऊन ते निघाले. नामदेवराव ओट्यावरच होते, पण वर्तमानपत्रातून मान वर झाली नाही. हाक मारणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं, आणि ते एकनाथरावांच्या आज लक्षात आलं. त्यांनी सायकल थांबवली, आणि मान वर होईपर्यंत घंटी वाजवत राहिले.