शैला झाडावर असताना

शैला गेल्याचं कळल्यावर ज्याने त्याने मला पहिल्यांदा एकच विचारलं, झाडावरून पडली का? पुण्याहून आलेल्या फोनवर तेच, हॉलंडमधल्या टिलबर्गच्या आमच्या मराठी मंडळींत तेच, ऑफिसातही तेच. नाही, झाडावरून नाही. जानेवारीतली कोरडी, कडक थंडी होती, रात्रीत रस्ते गोठले होते. सकाळी ती सायकलवरून पाव आणायला निघाली आणि कालव्याच्या पुलावरून उतरताना चाक बर्फावर घसरलं. डोकं कठड्यावर आपटलं. तिच्या नवऱ्याचा, मिलिंदचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला जायला बूट घालत होते. तो एवढंच म्हणाला, "मेघा, शैला गेली गं." जी बाई दोराला लटकून तीन मजली उंचीवर करवत चालवायची, ती घराजवळच्या रोजच्या रस्त्यावर सायकलवरून पडून गेली. चार महिने होत आले, तरी हे काही मनात नीट बसत नाही.

शैला पुण्याची. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करून तिथल्या एका कॉलेजात शिकवायची. मिलिंदला आइंडहोवनला नोकरी मिळाली म्हणून दोघं इकडे आले आणि घरं जरा परवडतात म्हणून टिलबर्गला, आमच्या मागच्याच गल्लीत राहिले. मूलबाळ नव्हतं. इथे तिला शिकवायचं काम मिळण्यासारखं नव्हतं; भाषा नाही, इथली पदवी नाही. पहिली दोन वर्षं ती डच शिकत होती आणि उरलेल्या वेळात कंटाळत होती. मग एके दिवशी आमच्या गल्लीतल्या लिंडनच्या झाडांची छाटणी करायला माणसं आली. कमरेला पट्टे, डोक्यावर हेल्मेट, दोरावरून खारीसारखी वर-खाली करणारी. शैला दुपारभर फुटपाथवर उभी राहून बघत होती. संध्याकाळी आमच्याकडे आली ती सांगतच, की मी हे शिकणार. मला वाटलं, गंमत करतेय. पुढच्या वर्षी ती खरोखरच कोर्सला गेली, वर्गात विशीतली मुलं आणि ही छत्तीस वर्षांची. हाताला फोड यायचे, खांदे धरायचे, पोळ्या लाटताना लाटणं पकडवायचं नाही. पण मी तिला तेवढी आनंदात आधी कधी पाहिली नव्हती.

कोर्स संपल्यावर तिला झाडांची निगा राखणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं. त्या सुमारास आपली बरीच मंडळी इकडे घरं घेत होती. घर बघताना मागच्या अंगणातल्या झाडावर सगळे लुब्ध व्हायचे आणि किल्ल्या हातात आल्या की तेच झाड नकोसं व्हायचं. उजेड अडवतं, पन्हाळीत पानं साठतात, वाऱ्यात भीती वाटते. मग शैलाला फोन. ती यायची, खोडावर लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकायची, बुंध्याशी बसून मुळं बघायची. झाड काढायचं तर आधी खेमेंटेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परवानगी लागते हे बऱ्याच जणांना तिच्याकडूनच कळलं. माझ्या अंगणातला ओक मला काढायचा होता. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, काढायला नको, आतून विरळ करू, उजेडही येईल आणि वाराही आरपार जाईल. सरसकट सगळी झाडं ती वाचवायची असं मात्र नाही. आमच्या एका मित्राचा बर्च आतून कुजला होता. तो वाचवा म्हणून घरातली सगळी तिच्या मागे लागली, पण तिने ऐकलं नाही. स्वतः वर चढून, शेंड्यापासून एकेक तुकडा दोराने खाली सोडत तिने तो उतरवला. त्या दिवशी आमच्याकडे जेवायला येणार होती, ती आली नाही.

हे सगळं तिच्या आईला मान्य नव्हतं. काकू शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेल्यावर एकटीने मुलीला शिकवलेलं. शैलाने फोनवर कामाबद्दल सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "झाडं तोडायला एमएस्सी केलीस का?" त्यानंतर तो विषय दोघींनी कधी काढला नाही. कोणी विचारलं तर, मुलगी हॉलंडमध्ये झाडांवर संशोधन करते, असं काकू सांगायच्या. शैलाला हे कळलं होतं. हसून सांगायची ती, पण तेच पुन्हा पुन्हा सांगायची.

मग काकू तीन महिन्यांसाठी इकडे आल्या. शैलाने रजा घेतली आणि दोर, पट्टे, हेल्मेट सगळं आमच्या मागच्या शेडमध्ये आणून ठेवलं. दोघी फिरायच्या, बाजारात जायच्या, मजेत होत्या. नोव्हेंबरमध्ये एका रात्री वादळ झालं, गावात ठिकठिकाणी झाडं मोडली आणि सकाळीच शैलाला कंपनीतून बोलावणं आलं. डचच्या क्लासला जाते असं आईला सांगून ती गेली. थोड्या वेळाने काकू आमच्याकडे येऊन मला म्हणाल्या, दूध संपलंय, येतेस का सोबत? आम्ही निघालो. पुढच्याच रस्त्यावर माणसं जमली होती. एका मोठ्या बीचच्या झाडाची फांदी मोडून छपरावर लोंबकळत होती आणि तिच्या वरच्या अंगाला, दोरावर, भगवं हेल्मेट घातलेलं कोणीतरी होतं. हेल्मेटखालून लांब वेणी बाहेर आली होती.

काकू थांबल्या. मान वर करून बघत राहिल्या. वरची करवतही थांबली... शैलाने आम्हाला पाहिलं होतं. त्या उंचीवरून तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती आमच्याकडेच बघत होती हे कळत होतं. मग काकूंनी माझा दंड धरला, म्हणाल्या, "चल, दूध घ्यायचंय," आणि मला जवळजवळ ओढतच पुढे नेलं. दुकानात पालक घेतला, बटाटे घेतले, दूध राहिलंच. येताना त्यांनी दुसरा रस्ता धरला.

संध्याकाळी शैला दोर ठेवायला शेडमध्ये आली. चिंब भिजली होती. ओला दोर फडक्याने पुसत तिने विचारलं, "आईने पाहिलं ना? काय म्हणाली?"

"काही नाही. दूध घ्यायचंय म्हणाल्या."

ती बराच वेळ दोर पुसत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे लाजच वाटली तिला. नाहीतर एक हाक तरी मारली असती."

तसं नसेल, असं मी म्हटलं, पण माझंही मन मला तेच सांगत होतं. काकू परत गेल्या. पुढे वर्षभर दर रविवारी मायलेकींचा फोन व्हायचा. थंडी, भाजी, गुडघेदुखी, मिलिंदचा खोकला, सगळ्यावर बोलणं व्हायचं. त्या सकाळचं नाव मात्र दोघींनीही काढलं नाही.

शैला गेल्यावर काकूंना व्हिसा मिळेपर्यंत इथलं सगळं उरकलं होतं. त्या आल्या तेव्हा घरात मिलिंद होता, तिचे कपडे होते आणि अस्थी होत्या. काकू रडल्या नाहीत. स्वयंपाक करायच्या, मिलिंदला जेवायला घालायच्या, उरलेला वेळ खिडकीशी बसायच्या. माझ्या ओकची छाटणी याच हिवाळ्यात व्हायची होती. कडाक्याच्या गारठ्यात लाकूड ठिसूळ होतं, थंडी ओसरली की करू, असं शैला म्हणाली होती. फेब्रुवारीच्या शेवटी तिच्या कंपनीतल्या योरिसचा फोन आला. शैलाचं हे काम आपण पुरं करावं, अशी त्याची इच्छा होती. काकूंना सांगावं की नाही, याचा मी विचार करत होते, पण मिलिंदकडून त्यांना कळलंच. म्हणाल्या, मी येते.

साडीवर मिलिंदचा जाड कोट घालून त्या माझ्या अंगणात उभ्या राहिल्या. योरिसने दोर टाकला, ओढून पाहिला आणि चढला. काकूंची नजर त्याच्यावरून हलेना. तासाभराने मला वाटलं, कॉफीचं विचारावं. मी तिथूनच त्याला हाक मारणार, तोच काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"हाक मारू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "वर आहे ना तो. दचकला म्हणजे?"

वर बघतच त्या बोलत होत्या. "त्या दिवशी अगदी ओठांवर आली होती हाक. म्हटलं, माझ्या आवाजाने दचकली आणि हात सुटला तर... म्हणून तुला ओढत नेलं. घरी आली की बोलू म्हटलं. पण ती क्लासचंच सांगायला लागली. वाटलं, तिला नको असेल तो विषय." मग म्हणाल्या, "आधी वाटायची मला लाज. खोटं कशाला बोलू? पण तिला तिथे वर पाहिलं तेव्हा नाही वाटली. तुला काही बोलली होती का ती?"

लपवून आता कोणाचं भलं होणार होतं? शैला शेडमध्ये जे म्हणाली होती ते मी सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. कोटाची बाही चेहऱ्यावरून फिरवली आणि पुन्हा वर बघू लागल्या.

योरिस खाली आला, पट्टा सोडला, हेल्मेट काढलं. काकू त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "त्याला सांग," त्या मला म्हणाल्या, "फार छान काम केलंस म्हणावं. मी सगळं बघत होते म्हणावं." मी डचमधून सांगितलं. योरिसने हातमोजे काढले आणि काकूंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

काकू आता पुण्याला परतल्या आहेत. रविवारी त्या शैलाला फोन करायच्या, त्या वेळेला आता मला करतात. मिलिंद नीट जेवतो का, माझी मुलं काय म्हणतात, सगळं विचारतात. फोन ठेवायच्या आधी मात्र दर वेळी एक प्रश्न असतो, "आज वारा कितपत आहे गं तिकडे?" त्यांचं आता इथे झाडावर कोणी नाही. तरी मी फोन घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाते, ओकच्या शेंड्याकडे बघते आणि जे असेल ते सांगते. परवा म्हटलं, नाही काकू, पानही हलत नाहीये.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग ठीक आहे."