बोडीला पन्नी लावायला गेले, त्याची गोष्ट

पुण्यात राहून ब्रह्मपुरीकडच्या धान पिकवणाऱ्यांना पाणी शिकवायला जायचं, तर अंगात वेगळाच आत्मविश्वास लागतो. माझ्याकडे तो भरपूर होता. शिवाय भूजल समजावायची काचेची पेटी होती आणि संस्थेचं ओळखपत्रही. एप्रिलच्या उन्हात निघाले.

तुम्हाला जायचं असेल तर नागपूरहून ब्रह्मपुरीची एसटी घ्या. स्टँडवर तर्री-पोहे खा, तर्री जपून मागा. पुढची जीप भरल्याशिवाय निघत नाही आणि ती भरली की नाही हे फक्त ड्रायव्हरला कळतं. मांडीवरची पेटी बघून शेजारच्या बाईंनी विचारलं, "मासोया ठेवता का जी याच्यात?"

मुक्काम सुमनबाईंकडे होता. त्यांच्या शेताच्या वरच्या अंगाला बोडी आहे, म्हणजे धानाला पाणी द्यायचं छोटं तळं. आता ते कोरडं होतं. त्यात आम्ही प्लास्टिकची पन्नी अंथरणार होतो, म्हणजे एकही थेंब जमिनीत मुरून 'वाया' जाणार नाही. हे मी त्यांना तासभर समजावलं. भात आणि सुक्या झिंग्यांची चटणी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "तुमी म्हनता तं बरोबर असन," आणि संमतीपत्रावर सही केली. चटणी मी दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात प्रयोग. पेटीत वाळू, वाळूत वर एक खड्डा, खाली विहीर म्हणून नळी. खड्ड्यात पाणी ओतलं, नळीत चढलं, टाळ्या. मी पाणी मुरण्याचं महत्त्व सांगत सुटले. सुमनबाईंची नात पल्लवी सहावीत आहे. ती उठली, बिस्किटाच्या पुड्याची पन्नी खड्ड्यात अंथरली आणि पाणी ओतलं. खड्डा काठोकाठ भरला. नळी कोरडी.

"मॅडम, आमच्या बोडीले पन्नी लावली तं खालच्या विहिरीत पानी कुठून येईन?"

त्या विहिरीवर अर्धं गाव पाणी भरतं. प्लास्टिकची गाडी दुपारी येणार होती.

मी तिथूनच ऑफिसला फोन केला. साहेब म्हणाले, मंजुरी झालीय, फोटो पाठवायचेत. मी म्हटलं, फोटो मिळणार नाहीत, गाडी परत बोलवा.

मग सुमनबाईंची माफी मागितली. त्या हसल्या. "मले मालूम होतं ना बाई. आमच्या बुढ्यानं बोडी खोदली तवापासून ते विहीर आटली नाई."

"मग काल सही काऊन केली?" त्यांचाच शब्द माझ्या तोंडी आला.

"तुमी एवढ्या दुरून आल्या. घरी आलेल्या मानसाले नाई कसं म्हनू?"

परत येऊन आठवडा झाला. ऑफिसात मला अजून कोणी चहा विचारत नाही, त्याचं फारसं काही वाटत नाही. वाटतं ते वेगळंच. गेल्या वर्षी अशीच दोन गावांत मी पन्नी अंथरून आलेय. तिथेही जेवण उत्तम होतं, आणि तिथेही मला कोणी नाही म्हटलं नव्हतं.