दिनू पेंटरची भिंत

दिनू पेंटर नवीन ओळख झाली की आधी हात पुढे करायचा आणि मग सांगायचा, "मला एड्स हाय." हात तसाच ठेवून समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचा. मी शाळेत चित्रकला शिकवणारी बाई, पण माझाही हात क्षणभर अडखळला. तो क्षण त्याने मला मरेपर्यंत ऐकवला.

दुकानांच्या पाट्या रंगवून तो पोट भरायचा. नव्वदच्या दशकात लोक या आजाराचं नावसुद्धा कुजबुजत घ्यायचे, तेव्हा हा पठ्ठ्या नाशिकच्या भिंतींवर त्याचीच चित्रं काढत हिंडायचा. रविवारी मीही जायचे. आकाश, झाडं, घरं मी भरायचे, माणसं तो काढायचा. ती माणसं कल्पनेतली नसत. रोग्याचं सामान रस्त्यावर फेकणारा घरमालक हा त्याचाच घरमालक होता. खाली नाव का लिहीत नाहीस, असं मी एकदा विचारलं.

"नाव चार जणांचं एकच असतं, बाई. तोंड ज्याचं त्याचंच."

घर सुटल्यावर तो थोरल्या भावाकडे, निवृत्तीभाऊंकडे मखमलाबादला गेला. त्यांचा फुलांचा मळा. त्यांनी त्याला गोठ्यामागच्या खोलीत ठेवलं. प्यायला भांडं दिलं नाही. त्याने ओंजळ धरायची आणि भावाने हातभर उंचावरून तांब्या ओतायचा. दिनूने तेच चित्र काढलं, पुरुषभर उंचीचं, फुलबाजारासमोरच्या भिंतीवर. निवृत्तीभाऊ रोज सकाळी झेंडू घेऊन बसत त्याच्या अगदी समोर. अंगात ताप असताना तो शिडीवर चढला होता. म्हणाला, "भाऊ रोज बघंल. मला लय बरं वाटंल."

तो गेला. भावाने चौकात फलक लावला : 'अल्पशा आजाराने निधन'. आठ वर्षं झिजला तो, आणि आजार अल्पसा! विचारणाऱ्याला कावीळ सांगत होते. जन्मभर जे बोंबलून सांगितलं तेच भावाने त्याच्या मढ्याबरोबर झाकलं, याची चीड माझ्या डोक्यातून आजही गेलेली नाही.

मी पहिला स्मृतिदिन त्या भिंतीखालीच केला. माईकवर सांगितलं, दिनू एड्सने गेला, आणि चित्रात पाणी ओततोय तो त्याचा सख्खा भाऊ. फुलवाल्या बायकांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग मागे वळून निवृत्तीभाऊंकडे. खोटं कशाला बोलू, मला फार गोड वाटलं. तेव्हापासून दरवर्षी भाषणं होतात, मुलांची चित्रं लागतात, आणि शेवटी मी भिंतीवर नवा रंग चढवते.

यंदा सातव्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी निवृत्तीभाऊ माझ्या घरी आले. खुर्चीच्या कडेवर टेकले.

"चुकलं माझं, बाई. पुसा आता ते. नात त्याच रस्त्यानं शाळेत जाती. इचारती, आजोबा, तुम्ही असं का करताय?"

ते रडले. मला दया आली. तरी मी म्हटलं, "निवृत्तीभाऊ, उद्या माईकवर या. दिनू कशाने गेला एवढं तुमच्या तोंडाने सांगा. तिथल्या तिथे पुसते."

ते उठले. मग म्हणाले, "घरात लग्नाची पोर हाय," आणि चपला घालून गेले.

दुसऱ्या दिवशी भाषणं संपल्यावर मी शिडीवर चढले. पाण्याची धार ताज्या निळ्याने ओढली. सात वर्षांत निवृत्तीभाऊंच्या मिशा पिकल्यात. चित्रातल्याही मी पांढऱ्या केल्या, नाहीतर पुढे लोक ओळखायचे नाहीत.