डिकीचा उंबरा

ती गाडी बाजारात येऊन चार वर्षं झाली होती. छोटी, लांबट, मागे ऐसपैस डिकी असलेली, पोराबाळांची गाडी. खप उतरायला लागला तसा वरून हुकूम सुटला: हिला तरुण करा. अट एकच, दारं, छप्पर, पत्र्याचे साचे यांना हात लावायचा नाही. म्हणजे नाक, डोळे आणि पाठ तेवढी बदलायची आणि लोकांनी म्हणायचं, ‘अरे वा, नवी गाडी!’

हे पुण्यकर्म ज्यांच्या हातून घडायचं त्या मातीवाल्या मावशी. कारखान्याच्या डिझाइन विभागात गाड्यांचे पूर्ण आकाराचे मातीचे नमुने करण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. भट्टीत मऊ केलेली माती थापायची, पात्यानं तासायची आणि साहेबांचं मन फिरलं की पुन्हा थापायची. साहेबांचं मन दिवसातून तीनदा फिरे.

साहेब म्हणजे मुख्य डिझायनर. त्यांनी आधी दिव्यांच्या भुवया चढवल्या. गाडी कुणावर तरी डाफरतेय असं दिसू लागलं. मग ते मागे वळले.

“मावशी, मागचा बंपर दणकट हवा. पैलवानासारखा. चढवा वर.”

मावशींनी चढवला. मग मोजपट्टी लावली. “साहेब, डिकीचा उंबरा अकरा सेंटीमीटर वर गेला. सामान उचलून टाकताना कंबरडं मोडेल लोकांचं.”

“लोक सामान विकत घेत नाहीत हो, भावना घेतात.”

“आणि ती भावना ठेवतात कुठे? डिकीतच ना?”

साहेब समजूतदारपणे हसले. न समजलेली माणसं हसतात तसे.

मावशींच्या घरी हीच गाडी होती, जुनी. सासूबाईंचे पाय अधू. त्यांची चाकांची खुर्ची मावशी रोज दोनदा डिकीत टाकत आणि काढत. त्यांनी कारखान्याच्या सुतारकाकांना गाठलं आणि आपल्या गाडीच्या डिकीच्या उंबऱ्यावर बरोबर अकरा सेंटीमीटर उंचीची लाकडी फळी ठोकून घेतली. चौथ्या दिवशी मावशींची कंबर धरली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, असलं शिकलेल्या माणसांनी केलं असेल.”

नमुना पास करायच्या दिवशी संचालक मंडळ कारखान्याच्या अंगणात उतरलं. मोठे संचालक साठीचे, सुटाबुटातले. एका कडेला मावशींची फळी ठोकलेली गाडी उभी. शेजारी बाकावर सासूबाई, पुढ्यात घडी केलेली खुर्ची.

“साहेब, माझी कंबर धरलीय,” मावशी सरळ मोठ्या संचालकांनाच म्हणाल्या. “खुर्ची तेवढी आत टाकता का?”

नाही कसं म्हणणार? त्यांनी खुर्ची उचलली. फळीपर्यंत आली आणि अडली. त्यांनी गुडघा लावला. चाक फिरून टायवर काळा पट्टा ओढून गेलं. बाकीचे संचालक मदतीला धावले. मदतीला म्हणजे सूचना द्यायला.

“सावकाश हं,” बाकावरून सासूबाई म्हणाल्या, “कालच तेल घातलंय चाकांना.”

खुर्ची आत गेली तेव्हा मोठ्या संचालकांचा हात कंबरेवर होता. “हा उंबरा कुणी चढवला?”

मावशींनी पट्टी पुढे केली. “ही उंची नव्या नमुन्याची आहे, साहेब.”

सगळ्यांनी मुख्य डिझायनरकडे पाहिलं. “तो एक विचाराधीन पर्याय होता,” ते म्हणाले. कालपर्यंत तो त्यांच्या जीवनाचा ध्यास होता.

तीन दिवसांत मावशींनी उंबरा तासून होता तिथे आणला. कंबर दुखत होती, पण पातं इतकं हलकं कधी चाललं नव्हतं.

पुढे गाडीचं थाटात अनावरण झालं. साहेबांनी व्यासपीठावर सांगितलं, की आपल्या वृद्ध आईकडे पाहताना त्यांना बुटक्या उंबऱ्याची कल्पना सुचली. टाळ्या पडल्या. त्यांची आई पहिल्या रांगेत होती. रोज टेनिस खेळणारी ती बाई जरा गोंधळलेली दिसली. मावशींना कारखान्याकडून गाडीच्या आकाराचा कीचेन मिळाला.

सासूबाईंना त्यांनी दुकानात नेऊन नवी गाडी दाखवली. सासूबाईंनी खुर्चीतूनच तिच्याभोवती एक चक्कर मारली. “तीच तर आहे. नुसती रागावलीय. तू काय केलंस हिच्यात?”

“मी डिकीला काहीच करू दिलं नाही, आई,” मावशी म्हणाल्या आणि खुर्ची ढकलत पुढच्या रांगेतल्या गाड्या दाखवायला निघाल्या.