विमलताईंच्या उजव्या डोळ्याचा एमआरआय

"हा काळा डाग कसला?" बॉसनी फिल्म उजेडाला धरून विचारलं.

फिल्म वाचणारा डॉक्टर मी, म्हणून तो प्रश्न मला झोंबला. उदारीकरणाच्या कृपेनं हिमायतनगरातल्या आमच्या सेंटरमध्ये नवंकोरं परदेशी मशीन आलं होतं, आणि मी त्याचं नव्या नवरीसारखं कौतुक करत फिरत होतो.

फिल्म विमलताईंच्या उजव्या डोळ्याची होती. त्या नारायणगुड्यातल्या शाळेत गणित शिकवायच्या. चार दिवस डोळा हलवला की कळ यायची आणि एका फळ्याचे दोन फळे दिसायचे. त्यांच्या डोळ्याच्या डॉक्टरांना गाठीची शंका होती. आमच्याकडून उत्तर मिळालं नाही, तर दुसऱ्या दिवशी डोळ्यामागचा तुकडा कापून तपासायचा होता. ताई फार घाबरल्या होत्या.

एमआरआय म्हणजे एक भलंमोठं लोहचुंबक. डोळा फिरवणारे स्नायू त्यात छान दिसतात. ताईंचा एक स्नायू सुजलेला होता, हे स्पष्ट होतं. थायरॉइडच्या आजारातही स्नायू सुजतो, पण डोळ्याला चिकटणारं त्याचं पुढचं टोक सहसा बारीकच राहतं. टोकही सुजलं असेल, तर बहुधा तो नुसता स्नायूचा दाह, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी उतरणारा. आणि डाग बसला होता नेमका त्या टोकावर.

"मशीन बिघडलं का रे, सलीम?" मी टेक्निशियनला विचारलं.

"नक्को बोलो साब! सुबा मैंच चेक करा."

शेवटी मी उठून ताईंकडे गेलो. सकाळपासून त्या डोळ्यावर रुमाल धरून बसल्या होत्या.

"रुमाल काढा बघू जरा."

रुमालाखाली डोळाभर काळाकुट्ट सुरमा! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"शेजारच्या खालाजाननं घातला हो," ताई ओशाळून म्हणाल्या. "खास अफझलगंजातून आणला. थंडक पडते म्हणे. मी नक्को म्हणाले, पण त्या ऐकतात कुठं!"

त्या सुरम्यात लोखंडाचा अंश असावा. चुंबकासमोर तेवढा पुरतो, चित्र बिघडतं. नर्सनं डोळा नीट धुतला. आम्ही पुन्हा स्कॅन केला. डाग गायब. गाठ कुठंच नाही, आणि टोक चांगलं गुबगुबीत सुजलेलं! कुणाची सूज पाहून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मी डोळ्याच्या डॉक्टरांना फोन लावला. "कापू नका. स्टेरॉइड देऊन बघा."

"खात्री आहे?"

"तीन दिवसांत फरक पडला नाही, तर मला कापा."

तिसऱ्या दिवशी ताई स्वतः आल्या. डोळे चारी दिशांना गरगर फिरवून दाखवले.

"फळा एकच दिसतो आता," त्या म्हणाल्या. "पोरं मात्र अजून दुप्पटच वाटतात."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी आधी पेशंटचं तोंड पाहिलं, मग फिल्म. मशीन कितीही भारी असलं, तरी माणसाकडे बघायचं काम ते आपल्यावरच सोडतं.