ॲन्सेल विडमरचा पाण्याचा कायदा

ॲन्सेल विडमर आमच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होता, त्याआधी आमदार होता, आणि त्याही आधी माझ्या वर्गात गणिताला घाबरून पोटदुखीची सोंगं करणारा मुलगा होता. वर्तमानपत्रांनी पहिल्या दोन गोष्टींवर रकानेच्या रकाने भरले. तिसरी कोणी छापली नाही, म्हणून ती मीच सांगून टाकते. मी व्हर्ना. हार्लन खोऱ्यात पेंड, बियाणं आणि कुंपणाची तार विकते. माझ्या दुकानातल्या शेगडीभोवती बसून लोक जे बोलतात, ते ऐकायचे मी पैसे घेत नाही.

आमच्याकडे पाऊस नावापुरता पडतो. डोंगरावरचा बर्फ वितळला की ओढा भरतो, ओढ्यातून पाट निघतो, आणि पाटाच्या पाण्यावर ज्याचा जेवढा हक्क तेवढी त्याची पाण्याची बारी, आणि तेवढंच त्याचं शेत हिरवं. बाकी सगळं खुरटं झुडूप. जमीन विकणाऱ्या माणसाला लोक एक वेळ माफ करतील, पाणी विकणाऱ्याला नाही. वसंत ऋतूत पाटाचा गाळ काढायचा दिवस ठरतो, तेव्हा पाण्यावर हक्क असलेल्या प्रत्येक घरातून फावडं घेऊन माणूस यावा लागतो. ॲन्सेल आमदार असतानाही यायचा, न्यायाधीश झाल्यावरही यायचा. त्याची पॅंट नेहमी इस्त्रीची असायची, त्यावरून आम्ही त्याला पुरेसं छळून घेतलं.

तो निवडून गेला तो पाण्यामुळेच. वरच्या अंगाला एका खाण कंपनीनं ओढ्यावरचे हक्क विकत घेऊन ठेवले होते. वापरायचे नाहीत आणि दुसऱ्याला वापरू द्यायचे नाहीत. भाव चढायची वाट बघत बसले होते. ॲन्सेल नुकताच वकिली शिकून आला होता, आम्ही त्यालाच निवडून पाठवलं. हिवाळ्यात विधिमंडळ भरतं, तेव्हा मेंढ्या विण्याआधी घरी परतायची सगळ्यांना घाई असते. त्या घाईत यानं एक कायदा पास करून घेतला. ज्यानं आपल्या हक्काचं पाणी आपल्या जमिनीवर सलग पाच वर्षं वापरलं नाही, त्याचा हक्क गेला. कंपनीचा हक्क गेला. त्या वर्षी आमच्या सभागृहात नाच झाला, आणि बेनात एचेवेरियानं ॲन्सेलला खांद्यावर घेऊन फिरवलं. बेनात हा आमच्यातला बास्क, म्हणजे स्पेनच्या डोंगरांतून मेंढ्या राखायला आलेल्या लोकांतला, मेंढपाळाचा पोरगा, माझ्या मैत्रिणीचा, लूरीनचा नवरा. माणूस असा की त्याच्या घरी गेलात आणि न जेवता निघालात, तर दुसऱ्या दिवशी भांडायला यायचा.

पुढे गव्हर्नरनं ॲन्सेलला सर्वोच्च न्यायालयात नेमलं. तिथे पाच न्यायाधीश. दर सहा वर्षांनी लोक मतदान करतात, हा राहू दे की नको. आमचं खोरं नेहमी राहू दे म्हणायचं. तो राजधानीत राहू लागला, पण सुट्टीत दुकानात यायचा. खटल्याचं कोणी काही विचारलं तर तारेच्या भावावर बोलू लागायचा. अगदीच खनपटीला बसलं तर टोपी घालून निघून जायचा. त्याची बायको मार्गिट म्हणायची, "माझ्याशी तरी काय बोलतो? त्याच्या तोंडाच्या कुलुपाची किल्ली माझ्याकडेही नाही."

मग बेनातच्या फुफ्फुसांनी दगा दिला. त्याला चार पावलं टाकली की धाप लागायची. मेंढरं विकली, शेत पडीक पडलं. आता पडीक शेताला पाणी काय करायचं? आमच्याकडे अशा वेळी जे करतात तेच बेनातनं केलं. पाटाच्या दाराशी खालच्या शेतातला ऑर्विन प्रॅट उभा होता, त्याला म्हणाला, "यंदा माझी बारी तू घे." ऑर्विननं मान हलवली. झालं. पुढच्या वसंतात पुन्हा तेच, आणि अशी सहा वर्षं गेली. प्रॅटचा लसूणघास बेनातच्या पाण्यावर कापणीला आला, आणि बेनातच्या दाराशी न मागता लाकडं फोडून रचलेली असायची. यात लिहिण्यासारखं काही आहे असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. आमचे आजे-पणजे असंच करत आले.

बेनात गेला. लूरीननं मुलीला नि जावयाला परत बोलावलं. पुन्हा घास लावायचा, मेंढरं आणायची असं ठरलं. तेवढ्यात खोऱ्याच्या तोंडाशी बंगले बांधायला आलेल्या काही मंडळींनी पाणी खात्यात अर्ज केला की या बाईनं पाच वर्षांहून जास्त काळ आपल्या जमिनीवर पाणी घेतलेलं नाही, सबब हक्क संपला, तो आम्हाला द्या. खात्यानं मान्य केलं. जिल्हा न्यायालयानंही मान्य केलं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला.

लूरीन दुकानात आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नव्हता. मला म्हणाली, "बियाणं बाजूला काढून ठेव."

"निकाल लागू दे की आधी."

"निकाल काय लागायचाय? कायदा कोणी लिहिला? ॲन्सेलनं. कोणासाठी लिहिला? आपल्यासाठी. त्याला काय, मी खाण कंपनी वाटणारे?"

"तो त्या खटल्यात बसणार आहे का पण?"

"त्यानं सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, मी बाजूला होऊ का म्हणून. माझा वकील म्हणाला बसा. त्यांचा वकीलही म्हणाला बसा."

इथे मला शंका आली. आमच्या वकिलाचं कळत होतं. त्यांच्या वकिलानं का बसा म्हणावं? मी तसं बोलून दाखवलं, तर लूरीन म्हणाली, "व्हर्ना, तुला दुधातसुद्धा माशी दिसते." मी बियाणं बाजूला काढून ठेवलं.

सुनावणीला मी तिच्याबरोबर गेले. उंचावर काळे झगे घालून पाच जण बसले होते, आणि ॲन्सेल त्यात मला परका वाटला. आमचा वकील बोलता बोलता म्हणाला, "या कायद्याचा हेतू काय होता, हे सांगणारा माणूस इथेच बसलेला आहे." मधोमध बसलेल्या म्हाताऱ्या मुख्य न्यायाधीशांनी त्याला तिथेच थांबवलं. "वकीलसाहेब, या दालनात कायद्याला बाप नसतो. विधिमंडळानं जे पास केलं तेवढंच आम्ही वाचतो." ॲन्सेल खाली बघून काहीतरी वाचत राहिला. लूरीननं माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

निकाल तीन विरुद्ध दोन असा लागला. लूरीन हरली. तिघांतला एक ॲन्सेल. बरं, नुसतं मत देऊन गप्प बसावं, तर निकालपत्रही त्यानंच लिहिलं. कायद्यात 'आपल्या जमिनीवर' असं स्वच्छ म्हटलं आहे, शेजाऱ्याला दिलेल्या पाण्याला त्यात कुठेही सूट नाही, आणि लिहिणाऱ्याची चूक दुरुस्त करायचा अधिकार न्यायालयाला नाही, विधिमंडळाला आहे.

मी ते वाचून पेपर शेगडीत घातला. त्यांच्या वकिलानं बसा का म्हटलं ते आता कळलं: ॲन्सेल कायद्यातलं अक्षर मोडणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही. दुकानात तर लोक काय काय बोलले. ऑर्विन प्रॅट तेवढा सामान घेऊन लगेच निघायचा. त्याला वाटत होतं, आपण घास नाही, बेनातचं घरच कापून नेलं. तो बिचारा लूरीनच्या दारावरून जाताना गाडीचा वेग वाढवायचा.

गाळ काढायच्या दिवशी ॲन्सेल येणार नाही अशी आमची खात्री होती. तो आला. पॅंट इस्त्रीची, हातात फावडं. कोणी त्याला हाकललं नाही, कोणी जागाही दिली नाही. जेवायच्या वेळी तो एकटा बांधावर बसला. तेव्हा लूरीन उठली आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा हक्क गेला होता, तिला यायचं कारणच नव्हतं, तरी ती सकाळपासून गाळ उपसत होती.

"एकच विचारते," ती म्हणाली. "कायदा लिहिलास तेव्हा तुझ्या मनात आम्ही होतो का?"

"नव्हतात. फक्त कंपनी होती."

"मग तसं सांगायला तुझी जीभ झडली होती?"

"माझ्या मनातलं म्हणजे कायदा नव्हे, लूरीन. तसं चाललं, तर उद्या मी मेल्यावर लोकांनी कोणाला विचारायचं?"

"तुझ्या मेल्यानंतरचं मी विचारत नाहीये. माझं शेत या उन्हाळ्यात वाळणार आहे."

तो उठला आणि पुन्हा गाळ काढू लागला. खरं सांगायचं तर मला तेव्हा त्याची दया आली, आणि दया आल्याचाही राग आला.

बंगलेवाल्यांनी तिचं पाणी खाली नेलं. लूरीनच्या जावयानं शहरात नोकरी धरली, मुलगी आठवड्याला फोन करू लागली. हिवाळा आला आणि बातमी आली की ॲन्सेलनं न्यायालयाचा राजीनामा दिला. त्याची मुदत बरीच बाकी होती. तब्येत ठणठणीत होती. खोऱ्यात म्हणाले, लाजला असेल. विधिमंडळ भरल्यावर तो दुकानात आला आणि मला म्हणाला, "व्हर्ना, बर्फात मला आता नीट दिसत नाही. राजधानीपर्यंत गाडी चालवशील?"

"तिथे काय काम आहे तुझं आता?"

"पाण्याच्या कायद्यात दुरुस्ती येतेय. समितीसमोर बोलायचंय. न्यायाधीशाला तिथे जाऊन कोणाची बाजू घेता येत नाही. साध्या माणसाला येते."

तेव्हा मला कळलं, खुर्ची त्यानं कशासाठी सोडली. वाटेत मी एकदाही टोमणा मारला नाही, म्हणजे बघा.

समितीचा अध्यक्ष इतका तरुण, की ॲन्सेल आमदार झाला तेव्हा तो जन्मलाही नसेल. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळत होती. ॲन्सेल आपल्या नंबराची वाट बघत लाकडी बाकावर बसला. नाव पुकारल्यावर उभा राहिला.

"आपण कोणाच्या वतीनं आलात?" अध्यक्षानं विचारलं.

"माझ्याच. हा कायदा मी लिहिला होता, आणि तो चुकीचा लिहिला." अध्यक्षानं मान वर केली. "आमच्याकडे एखाद्याला पाणी नको असलं की तो शेजाऱ्याला देतो. मी त्यातच वाढलो. ते इतकं रोजचं होतं, की ते लिहावं लागतं हे मला सुचलंच नाही. परक्या माणसानं हा कायदा लिहिला असता तर त्यानं आधी हेच विचारलं असतं. शेजाऱ्याला दिलेलं पाणी वापरलेलंच धरा, एवढंच मागायला आलोय."

समितीतल्या एका बाईनं विचारलं, "त्या खटल्यातल्या विधवा बाईंना याचा उपयोग होईल?"

"नाही. त्यांचा निकाल लागलेला आहे," ॲन्सेल म्हणाला. "मीच दिला."

त्याची तीन मिनिटं संपायला अवकाश होता, पण तो खाली बसला. दुरुस्ती पुढे दोन्ही सभागृहांत पास झाली, गव्हर्नरची सही झाली, आणि त्याच दिवशी ॲन्सेल मला म्हणाला, चल, लूरीनकडे जायचंय. मी म्हटलं, तू जा, मला भांडी आपटलेली ऐकायची हौस नाही. पण गेले.

लूरीननं दार उघडलं. चुलीवर मटणाचा रस्सा होता, लसणीचा वास घरभर. तिनं आम्हाला बसा म्हटलं नाही. ॲन्सेलनं टोपी हातात घेऊन सगळं सांगितलं.

"म्हणजे आता कोणी शेजाऱ्याला पाणी दिलं तर त्याचं जाणार नाही," ती म्हणाली.

"नाही जाणार."

"माझं गेलं."

"गेलं."

मग ॲन्सेल म्हणाला, "वडिलांच्या पाण्यात माझा अर्धा वाटा आहे. आजवर सगळं भाऊच शेताला घ्यायचा, आता तो त्याच्या अर्ध्यावर भागवेल. यंदा माझी बारी तू घे."

"मला तुझं दान नको."

"बेनातनं प्रॅटला दिलं ते दान होतं?"

लूरीननं त्याच्याकडे पाठ फिरवली. रस्सा ढवळत राहिली, गरज नव्हती इतका वेळ. तिचे खांदे हलत होते आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण बेनात मेला तेव्हाही तिनं आमच्यासमोर डोळे पुसले नव्हते. शेवटी तिनं फडताळातून तीन ताटल्या काढून टेबलावर आपटल्या.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली. "तो काही विधिमंडळात जाऊन बदलून येणार नाही. कळलं?"

"कळलं."

"मग बस, जेव."